अक्का, त्यांची लेक आणि दूरदर्शन

ऐंशीच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं त्यांना 'एक, अनेक और एकता' हे नाव कदाचित चटकन आठवणार नाही. पण बागेतली मुलं, त्यांना 'अनेक' म्हणजे काय ते समजावून सांगणारी ताई, शिकाऱ्याच्या जाळ्यात अडकलेल्या चिमण्या आणि ते अख्खं जाळं घेऊन त्यांचं एकदम उडणं, असं सांगितलं की चेहरा उजळतो. पुढे ते गाणं म्हणून दाखवायचा मोह ज्याला होत नाही तो माणूस बहुतेक केबल आल्यानंतर जन्मलेला असतो :)

दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये वेळ उरला, की ही सात मिनिटांची फिल्म लागायची. किती वेळा पाहिली याचा हिशेब नाही. गंमत म्हणजे इतक्या वेळा पाहूनही ती कुणी केली हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. सरकारी गोष्टी कुणी 'करत' नसतं, त्या असतातच, अशी काहीतरी आपली समजूत असते. टपाल पेटीसारखी.

तर ही फिल्म केली विजया मुळे यांनी, फिल्म्स डिव्हिजनसाठी, १९७४ साली. चित्रं हलती केली भीमसेन यांनी. (हे गवई नव्हेत, पुढे 'घरौंदा' काढणारे भीमसेन.) संगीत वसंत देसाईंचं, आणि आवाज साधना सरगम नावाच्या एका लहान मुलीचा. दाभोळची मुलगी. म्हणजे देशभरातल्या मुलांना हिंदीतून एकी शिकवणाऱ्या या फिल्ममागे मराठी माणसं बरीच होती. मुळेबाईंचं दिग्दर्शन, देसाईंची चाल, सरगमबाईंचा गळा. त्यातली पक्ष्यांची गोष्ट तर आपल्या पंचतंत्रातली, चित्रग्रीव कबुतराची. इथे कबुतरांच्या चिमण्या झाल्या, जाळं कुरतडणारे उंदीर तेच राहिले. फिल्मला सर्वोत्तम शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता.

मला मात्र या लेखात फिल्मपेक्षा तिच्या बाईंबद्दल लिहायचंय, आणि त्यांच्या मुलीबद्दल. कारण या मायलेकींच्या कामाकडे एकत्र पाहिलं, की स्वतंत्र भारतात सरकार, माहितीपट आणि टीव्ही यांचं जे काही त्रांगडं झालं त्याचा बराचसा इतिहास एकाच घरात सापडतो.

विजयाबाईंचा जन्म १९२१ चा, मुंबईचा. लग्नानंतर त्या पाटण्याला गेल्या. त्या काळी एखादी मराठी सून पाटण्याला गेली की तिचं पुढचं आयुष्य काय असणार याचा अंदाज तुम्ही-मी करू शकतो. बाईंनी तो अंदाज खोटा ठरवला. त्या तिथे शिकल्या, १९४६ साली शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकायला गेल्या, आणि तिथे त्यांना फिल्म सोसायटीची चटक लागली. परत आल्यावर पाटण्यात फिल्म सोसायटीच्या कामात पडल्या. पुढे १९५४ मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यात नोकरी लागली, तेव्हा दिल्लीतही तोच उद्योग सुरू ठेवला. १९५९ मध्ये देशभरातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष सत्यजित राय, आणि दोन सहचिटणिसांपैकी एक चिदानंद दासगुप्ता तर दुसऱ्या विजया मुळे. चित्रपटांच्या जगात सगळे त्यांना 'अक्का' म्हणत. मीही पुढे तेच म्हणणार आहे. मोठ्या बहिणीचं नाव आहे, त्यात उपरेपणा वाटत नाही.

मधल्या काळात त्या काही दिवस सेन्सॉर बोर्डातही होत्या, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल. आणि साठीच्याच दशकात त्यांनी हुगळी नदीत भरतीच्या वेळी उलट्या दिशेने घुसणाऱ्या लाटेवर एक छोटा माहितीपट केला, 'द टायडल बोर'. त्याचं निवेदन केलं साक्षात सत्यजित राय यांनी. सरकारी अधिकारी बाई नोकरी सांभाळून पहिली फिल्म करते आणि तिला राय आवाज देतात! आजकाल कुणाच्या पहिल्या शॉर्टफिल्मला असं भाग्य मिळालं तर तो माणूस वर्षभर जमिनीवर येणार नाही.

आता थोडं फिल्म्स डिव्हिजनबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घरातल्या मोठ्यांना हे सांगायची गरज नाही. थेटरात शिरलं की आधी काळ्यापांढऱ्या रंगात धरण, पूर, कुणा पाहुण्या राष्ट्राध्यक्षांचं विमानतळावरचं स्वागत आणि शेवटी क्रिकेट, हे सगळं एका भारदस्त आवाजात पाहावं लागायचं. 'पावं लागायचं' हाच शब्द बरोबर. थेटरच्या परवान्यातच अट होती की सरकारमान्य लघुपट दाखवल्याशिवाय मुख्य सिनेमा लावता येणार नाही, आणि वर थेटरमालकालाच त्याचं भाडं भरावं लागे. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ ची. मुंबईत पेडर रोडवर मुख्यालय. पण अशी सक्ती ही मुळात इंग्रजांची कल्पना. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रचारासाठी त्यांनी जे खातं काढलं त्याचीच ही स्वदेशी आवृत्ती. ते युद्धकाळातलं खातं १९४६ मध्ये बंद झालं आणि फिल्म्स डिव्हिजन यायला अजून दोन वर्षं होती. परिणाम असा की १५ ऑगस्ट १९४७ ला, ज्या रात्रीची आपण इतकी वाट पाहिली, ती टिपायला सरकारकडे स्वतःचं चित्रपट पथकच नव्हतं. ज्यांनी टिपलं ते खासगी लोक होते.

फिल्म्स डिव्हिजनची टिंगल करायची आपल्याकडे पद्धत आहे. ती काही अगदीच चुकीची नाही, कारण शेकडो कंटाळवाण्या फिल्म्स त्यांनी काढल्याच. पण त्याच कारखान्यात १९६७-६८ च्या सुमाराला काही वेडे लोक भलतंच करत होते. एस. एन. एस. शास्त्रींनी 'आय अॅम ट्वेंटी'मध्ये स्वातंत्र्याच्या सालात जन्मलेल्या वीस वर्षांच्या पोरापोरींसमोर कॅमेरा धरला आणि 'या देशाबद्दल काय वाटतं' एवढंच विचारलं. उत्तरं ऐकण्यासारखी आहेत, आणि काही तर सरकारी पैशानं सरकारला चिमटे काढणारी आहेत. सुखदेव यांची 'इंडिया ६७' तर जवळजवळ निवेदनाशिवायची. प्रमोद पतींच्या 'एक्स्प्लोरर'बद्दल मी काही लिहीत नाही, ती पाहायचीच चीज आहे. हुसेन यांची 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' बर्लिनहून पारितोषिक घेऊन आली. हे सगळं लोकांनी थेटरात पाहिलं का? काहींनी पाहिलं असेल. बाकीचे बाहेर बटाटेवडा संपवत होते.

अक्कांचं 'एक, अनेक' याच कारखान्यातून बाहेर पडलं. पण त्यांचं मोठं काम पुढच्या वर्षी सुरू झालं, ज्याची आपल्या महाराष्ट्रात फारशी आठवण निघत नाही कारण महाराष्ट्र त्यात नव्हताच.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष 'साइट' नावाचा प्रयोग झाला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला मिळाला होता. तो आफ्रिकेच्या वर येऊन थांबला आणि तिथून राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट टीव्ही दिसू लागला. विचार करा, मुंबईला दूरदर्शन येऊन तेव्हा तीन वर्षंही पुरी झाली नव्हती (२ ऑक्टोबर १९७२), आणि इथे ज्या गावात पक्का रस्ता नाही तिथे उपग्रहावरून चित्र येतंय. त्यासाठी लागणाऱ्या दहा फुटी छत्र्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या केल्या होत्या. स्वस्त आणि दुरुस्तीला सोप्या. विक्रम साराभाईंचं हे स्वप्न. ते १९७१ मध्येच गेले. पुढे ते प्रत्यक्षात आणणाऱ्यांत यशपाल होते आणि आपले एकनाथराव चिटणीस होते.

रोज साधारण चार तास प्रसारण. सकाळी दीड तास शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन वगैरे. सकाळच्या दीड तासाच्या कार्यक्रमांसाठी शिक्षण तंत्रज्ञान केंद्रात जे लोक राबले त्यांत अक्का आघाडीवर होत्या. त्यांचं वय तेव्हा ५४. कल्पना अशी की मास्तर एकच असला, पुस्तकं नसली, तरी मुलाला काहीतरी हलतं, बोलतं, विचार करायला लावणारं दिसावं. पाठ्यपुस्तकाचा धडा कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवायचा नाही, हा आग्रह. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे 'कंट्रीवाइड क्लासरूम'चे कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर आले, त्याच्या उभारणीतही त्या होत्या. (तेच ते, दुपारी लागणारे, ज्यांच्यामुळे आपण टीव्ही बंद करून झोपायचो. पण त्यातले काही खरंच चांगले असत, हे आता कळतं.)

एक तारीख मात्र डोळ्यांत खुपते. साइट सुरू झालं १ ऑगस्ट १९७५ ला. आणीबाणी लागली होती २५ जूनला. म्हणजे देशातल्या सर्वांत मागास खेड्यांत पहिल्यांदा टीव्ही पोचला तो नेमका अशा वर्षी, जेव्हा त्या टीव्हीवर काय दिसेल हे ठरवणारा एकच होता. मुलांच्या कार्यक्रमांना याची झळ किती लागली असेल हा वेगळा विषय. पण शिकवण्यासाठी बांधलेली नळी आणि सांगण्यासाठी बांधलेली नळी एकच असते, हे त्या वर्षानं दाखवून दिलं.

आता मुलीकडे येऊ.

सुहासिनी मुळे यांना तुम्ही ओळखता. 'लगान'मधली भुवनची आई. 'दिल चाहता है'मध्येही त्या आहेत. गुलजारांच्या 'हु तू तू'मधल्या राजकारणी मालतीबाईंसाठी त्यांना १९९९ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जरा जुने लोक म्हणतील, मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'मधली गौरी. १९६९ ची फिल्म, तेव्हा त्या एकोणीसच्याही नव्हत्या, आणि त्या गुजराती मुलीनं उत्पल दत्तसारख्या कसलेल्या नटाला जसं गुंडाळलंय ते आजही पाहावं. इतकं यश मिळाल्यावर कुणीही नायिका व्हायला धावेल. या बाई कॅनडात मॅकगिल विद्यापीठात शेतीचं शिक्षण घ्यायला गेल्या! परत आल्या त्या १९७५ च्या सुमाराला. रायांच्या 'जन अरण्य'ला आणि सेन यांच्या 'मृगया'ला त्यांनी सहायक म्हणून काम केलं, आणि मग माहितीपट करू लागल्या.

मधल्या या वीसेक वर्षांबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही. 'भुवन शोम'नंतर एकदम 'हु तू तू', जणू बाई मधे घरी बसल्या होत्या.

१९८१ मध्ये तपन बोस आणि सुहासिनी मुळे यांनी 'अॅन इंडियन स्टोरी' केली. विषय भागलपूर. १९७९-८० मध्ये बिहारमधल्या या जिल्ह्यात पोलिसांनी तीसहून अधिक कच्च्या कैद्यांचे डोळे फोडून त्यांत अॅसिड ओतलं होतं. स्थानिक बोलीत त्या अॅसिडला 'गंगाजल' म्हणत. सर्वोच्च न्यायालयात त्यावर खटले झाले. सुहासिनीबाईंचा जन्म पाटण्याचा. म्हणजे हा त्यांच्याच राज्याचा विषय. एकीकडे त्याच बिहारच्या खेड्यांत आईनं सरकारी उपग्रहावरून मुलांसाठी कार्यक्रम पोचवले, आणि पाच-सहा वर्षांनी मुलीनं त्याच सरकारी यंत्रणेनं माणसांचे डोळे कसे काढले ते दाखवलं. हा विरोधाभास मला उगीच जुळवलेला वाटत नाही, कारण दोघीही आपापल्या परीनं एकच गोष्ट करत होत्या: जे दिसत नाही ते दाखवणं. फरक एवढाच की एकीला दाखवण्यासाठी सरकारनं उपग्रह दिला.

मग २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली रात्र. भोपाळ. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट सुटला. या घटनेबद्दल मी नवीन काय सांगणार. पण त्यावर तपन बोस, सुहासिनी मुळे आणि सलीम शेख यांनी 'भोपाल: बियाँड जेनोसाइड' हा माहितीपट केला. १९८६ चा. सिनेमार्ट फाउंडेशन ही निर्माती संस्था. सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं. नुसतं प्रमाणपत्र नाही, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. आणि पुरस्कार देताना माहिती आणि नभोवाणी मंत्र्यांनी जाहीर केलं की पुरस्कारप्राप्त लघुपट दूरदर्शनवर दाखवले जातील.

झालं. सिनेमार्टनं दूरदर्शनकडे फिल्म दिली. दूरदर्शननं नकार दिला.

नकाराची कारणं न्यायालयाच्या कागदपत्रांत आहेत आणि ती एकामागोमाग एक वाचताना गंमत वाटते. फिल्म आता जुनी झाली, तिचं औचित्य संपलं. तिच्यात संयम नाही. ती समतोल नाही. राजकीय पक्ष या दुर्घटनेवरून वाद करताहेत. नुकसानभरपाईचे दावे न्यायप्रविष्ट आहेत. वातावरण आधीच तापलंय, त्यात ही फिल्म दाखवली तर गडबड होईल. आता यातली पहिली आणि शेवटची कारणं शेजारी ठेवून पाहा. विषय जुना झाला म्हणून कुणाला रस उरला नाही, आणि लोक इतके तापलेत की दाखवली तर दंगा होईल. दोन्ही एकाच वेळी कसं असेल? हे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला ते कळलं नसेल असं मला वाटत नाही. कारणं शोधायला सांगितली की माणूस सापडतील तेवढी लिहितो. कचेरीत काम केलेल्या कुणालाही हे माहीत असतं.

प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे फिल्मवाले जिंकले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल लागला जुलै १९९२ मध्ये, न्या. अहमदी यांनी लिहिलेला. तोवर भरपाईची ४७ कोटी डॉलरची तडजोड होऊनही तीन वर्षं लोटली होती. न्यायालयानं सांगितलेलं सार असं, की आपलं म्हणणं सिनेमातून मांडणं हाही भाषणस्वातंत्र्याचाच भाग आहे. सरकारी पैशानं चालणाऱ्या माध्यमानं नकार द्यायचा असेल तर तो कायद्यात बसणाऱ्या कारणावरच देता येईल, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माध्यमाची. फिल्म राज्य सरकारवर टीका करते हे काही कारण होऊ शकत नाही. उलट एवढी मोठी दुर्घटना झाल्यावर काय घडलं, सरकार काय करतंय, हे समजून घेण्याचा लोकांना अधिकारच आहे.

वकील मंडळींना हा निकाल ठाऊक असतो, पण भलत्याच नावानं. त्याला 'एलआयसी विरुद्ध मनुभाई शहा' म्हणतात! कारण त्याच निकालात दुसरं एक प्रकरण जोडलेलं होतं. अहमदाबादचे ग्राहक चळवळीतले प्रा. मनुभाई शहा यांनी आयुर्विमा महामंडळ जास्त हप्ते घेतं असा अभ्यासनिबंध लिहिला. महामंडळानं आपल्या 'योगक्षेम' या मासिकात त्यावर उत्तर छापलं, पण त्या उत्तराला शहांचं प्रत्युत्तर छापायला नकार दिला. आमचं घरचं मासिक आहे, आमच्या मर्जीचं, असं महामंडळाचं म्हणणं. न्यायालयानं म्हटलं, जनतेच्या पैशावर चालता ना, मग छापा. भोपाळची फिल्म आणि विम्याचा हप्ता, दोन्हींत प्रश्न एकच होता. आमच्या घरातली निम्मी पिढी विम्याच्या कचेऱ्यांत नोकरीला होती, त्यामुळे हे वाचल्यावर मी दोघातिघांना फोन करून विचारलं. 'योगक्षेम' सगळ्यांना आठवतं. हा खटला कुणालाच आठवत नाही.

हा निकाल आभाळातून पडला नाही. त्याआधीचा एक मैलाचा दगड ख्वाजा अहमद अब्बास यांचा. त्यांनी १९६८ मध्ये 'चार शहर एक कहानी' हा सोळा मिनिटांचा माहितीपट केला होता, कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि दिल्लीवर. मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती म्हणून सेन्सॉरनं अडवला. अब्बास थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला चालू असताना सरकारनं काहीही न कापता प्रमाणपत्र देऊन टाकलं, तरी त्यांनी आग्रह धरला की मूळ प्रश्नाचं उत्तर द्या. १९७० मध्ये उत्तर मिळालं ते त्यांच्या विरोधात: आधी तपासणं घटनेत बसतं, फक्त नियम स्पष्ट हवेत. आपलं काम झाल्यावरही भांडत राहणारी माणसं मला फार आवडतात.

दुसरा दगड १९८८ चा, आणि तो आपल्या मराठी लोकांसाठी जरा अवघड आहे. दूरदर्शनवर 'होनी अनहोनी' नावाची भुताखेतांच्या, अतर्क्य घटनांच्या कथांची मालिका होती. आपल्या लोकविज्ञान संघटनेनं त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, की यानं अंधश्रद्धा पसरते. उच्च न्यायालयानं प्रसारण थांबवलं. सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी उठवली, आणि उठवताना म्हटलं की अटी पाळून आपली फिल्म दूरदर्शनवर दाखवण्याचा नागरिकाला हक्क आहे. म्हणजे भुतांच्या मालिकेनं जिंकलेल्या हक्काचा उपयोग चार वर्षांनी भोपाळच्या फिल्मला झाला. लोकविज्ञानवाल्यांचा हेतू मला पूर्ण पटतो, मालिका मला मुळीच आवडायची नाही, आणि तरीही ते खटला हरले हे बरं झालं असं म्हणावं लागतं. त्याच वर्षी निहलानींच्या 'तमस'चंही तसंच झालं. दंगे होतील म्हणून बंदी मागितली गेली, मुंबईत न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी स्वतः मालिका पाहिली आणि ती दाखवायला परवानगी दिली.

भोपाळच्या निकालानंतर दूरदर्शन सुधारलं का? आनंद पटवर्धनांना विचारा. त्यांची 'राम के नाम' दाखवायला दूरदर्शनला मुंबई उच्च न्यायालयानं भाग पाडलं तेव्हा १९९७ उजाडलं होतं. फिल्म १९९२ ची. 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध'साठी तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि निकाल आला ऑगस्ट २००६ मध्ये, फिल्म झाल्यावर दहा वर्षांहून अधिक काळानं. आणि तोपर्यंत कुणाच्या घरी दूरदर्शन लागत होतं? रिमोटवर शंभर वाहिन्या होत्या. ज्या दारासाठी इतकी वर्षं भांडायचं, ते उघडेपर्यंत लोक दुसऱ्या दारानं निघून गेलेले. १९९२ सालीही असंच काहीसं होतं. झी टीव्ही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाला.

पण आपल्याला दिसतं तेवढं हे निष्फळ नसावं. खासगी वाहिन्यांना फिल्म दाखवा म्हणून न्यायालयात खेचता येत नाही. सरकारी वाहिनीला येतं, कारण ती तुमच्या-माझ्या पैशाची आहे. हा मुद्दा या लोकांनी आपली उमेदीची वर्षं घालवून कायद्यात लिहून घेतला. 'बियाँड जेनोसाइड'मधली माणसं, ज्यांच्या खोकल्याचा आवाज 'न्यायप्रविष्ट' ठरला होता, ती 'अनेक'मध्ये मोजायची की नाही, हा तो प्रश्न होता.

अक्कांना या सगळ्याबद्दल काय वाटत असेल? त्यांच्या मनातलं मी कशाला सांगू. पण काही गोष्टी समोर आहेत. सेन्सॉर बोर्डात बसलेल्या या बाई माहितीपट निर्मात्यांच्या संघटनेच्या अध्यक्षही झाल्या. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात २००२ साली त्यांना व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार मिळाला. त्याच महोत्सवानं पुढच्या, म्हणजे २००४ च्या खेपेला भारतीय फिल्म्सना सेन्सॉरचं प्रमाणपत्र सक्तीचं करायचं ठरवलं आणि माहितीपटवाले चिडले. त्यांनी मुंबईतच प्रभादेवीला 'विकल्प' नावाचा समांतर महोत्सव भरवला. फिल्म्स डिव्हिजन स्वतः २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झाली. पेडर रोडच्या आवारात आता चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, मुंबईत असाल तर एक दुपार काढून जरूर जा.

अक्का काही थांबल्या नाहीत. २०१० मध्ये, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं: विसाव्या शतकातल्या परदेशी चित्रपटांत भारत कसा दिसला. राजे आणि योग्यांपासून गांधींपर्यंत आणि त्याही पुढे. माझ्या मते यातला विषय फार नाजूक आहे, कारण दुसऱ्यानं आपलं चित्र काढलं की आपण काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. लुई माल हा फ्रेंच दिग्दर्शक १९६८ मध्ये भारतात फिरला, त्यातून त्यानं फ्रेंच टीव्हीसाठी सात भागांची मालिका केली. ती बीबीसीनं १९७० मध्ये दाखवली तेव्हा सरकार इतकं बिथरलं की बीबीसीचं दिल्लीचं कार्यालयच बंद करायला लावलं. रस्त्यावरची गरिबी दाखवली हा मुख्य राग. त्या वेळच्या सरकारी फिल्म्समध्येही गरिबी असायचीच, पण तिथे पाठोपाठ धरण यायचं.

२०१९ च्या मे महिन्यात अक्का गेल्या, ९८ व्या वर्षी. बहुतेक बातम्यांचा मथळा एकच होता, 'एक, अनेक'वाल्या बाई गेल्या. हुगळीची लाट, पाटण्याची सोसायटी, साइटची सकाळ, पुस्तक, सगळं खालच्या परिच्छेदांत. 'लगान'मधली आई ही त्यांची मुलगी, हे वाचून आमच्या आत्यानं मला फोन केला होता, "अगं, मग हिनं मधे इतकी वर्षं केलं काय?" तिला तेव्हा फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही. आत्या, हे तुझ्यासाठी.